चार घागरींचा समुद्र

१८४६ सालच्या शरद ऋतूंत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गांवाहून लंडनकडे निघालेल्या सामानांत समुद्राच्या पाण्यानें भरलेली एक काचेची बरणी होती. बरणीच्या मालकीणबाई अ‍ॅना थिन या वेस्टमिन्स्टरच्या प्रख्यात ख्रिस्ती मंदिराच्या उपप्रमुखांच्या पत्नी. टॉर्कीच्या खडकांत त्यांना एका जातीचे जिवंत प्रवाळजीव आढळले होते. प्रवासाच्या हेलकाव्यांनीं ते एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून बाईंनीं सुईदोऱ्यानें त्यांना एका मोठ्या स्पंजाला टांचून ठेवलें होतें.

लंडनला पोंचल्यावर खरी अडचण सुरू झाली. समुद्र दूर राहिला, आणि ताजें पाणी हवें तेव्हां मिळेना. मग थिनबाईंनीं एक साधी युक्ति केली. उघड्या खिडकीपुढें एका भांड्यांतलें पाणी उंचावरून दुसऱ्या भांड्यांत ओतावयाचें, दुसऱ्यांतलें पुन्हा पहिल्यांत, आणि असें अर्धा-पाऊण तास चालवावयाचें. हें काम घरांतील दासीकडे आलें. १८४७ च्या वसंतांत बाईंनीं पाण्यांत समुद्रशेवाळ ठेवलें. शेवाळानें पाणी ताजें राहतें असें दिसूं लागलें. तरीहि त्यांनीं ती ओतण्याची मेहनत एकदम सोडून दिली नाहीं. त्यांचे प्रवाळजीव जवळजवळ तीन वर्षें जगले.

ओतण्यानें पाण्यांत हवा मिसळते एवढें त्या काळींहि ठाऊक होतें. परंतु त्या पात्रांत हवेखेरीज आणखीहि कांहीं काम करीत होतें, आणि त्याचा उलगडा होण्यास पुढें तीस वर्षें लागलीं. घरांतल्या लहानशा काचपेटींत समुद्र जिवंत ठेवण्याच्या विद्येचा इतिहास म्हणजे या उलगड्याचाच इतिहास होय. ज्याच्या दिवाणखान्यांत हातभर कोपऱ्यापलीकडे जागा नाहीं, आणि त्या कोपऱ्यांत ज्याला प्रवाळांचें उद्यान फुलवावयाचें आहे, त्यानें कोणती गाळणी पत्करावी, या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या जाहिरातींपेक्षां या इतिहासांत अधिक स्पष्ट मिळतें.

गाळणी म्हटली कीं गढूळ पाणी स्वच्छ करणारें फडकें डोळ्यांपुढें उभें राहतें. समुद्रजीवांचा मुख्य वैरी मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. मासा खातो, श्वास घेतो, मळ टाकतो; त्याच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नांतून अमोनिया पाण्यांत उतरतो. पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसत असतांहि हा अमोनिया जीव घेऊं शकतो. समुद्रांत तो अफाट पाण्यांत विरून जातो आणि त्याची वासलात लावणारेहि तेथें असंख्य असतात. पेटींत अशी सुटका नाहीं. ज्या पाण्यांत मळ टाकला, तेंच पाणी पुढच्या श्वासाला वांट्यास येतें. म्हणून गाळणीचा प्रश्न हा मुळांत जागेचा प्रश्न आहे. समुद्राचा जो भाग पेटींत मावत नाहीं, त्याचें काम कोणीं करावें, आणि कोठें बसून करावें?

याचें पहिलें उत्तर वनस्पतींच्या रूपानें आलें. सूर्यप्रकाशांत हिरव्या वनस्पति प्राणवायु सोडतात, हें यान इंगेनहाउस यानें १७७९ सालीं दाखविलेंच होतें. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८४९ सालीं गोड्या पाण्याच्या एका पात्रांत दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति ठेवली. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. मग जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळलें आणि काचेवर हिरवट बुरा धरला. तेव्हां वॉरिंग्टननें त्यांत पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें आणि बुरा खाऊन टाकला, आणि त्यांचीं अंडीं माशांचें खाद्य बनलीं. मासा, वनस्पति आणि गोगलगाय अशा तिघांचा समतोल साधला, असें त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केलें. पुढें समुद्राच्या पाण्यावरहि त्यानें हाच प्रयोग केला.

समतोल हा शब्द लोकांना फार आवडला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें मत्स्यपात्रावरील पुस्तक निघालें, आणि त्याच वर्षीं चार क्षारांपासून समुद्राचें पाणी घरीं बनविण्याची त्याची कृतीहि प्रसिद्ध झाली. इंग्लंडांतील सुखवस्तु घरांत काचेच्या पेट्यांची एकच लाट उसळली. परंतु दशक संपतें न संपतें तोंच ती ओसरूं लागली. पेट्यांत जीव फार कोंबले जात, अन्न सढळ टाकलें जाई. पाणी नासे, दुर्गंधि सुटे, आणि पेटी माळ्यावर जाई. समतोलाच्या सिद्धांतानें हवेचा हिशोब बरोबर मांडला होता. पण मळाचा हिशोब त्यांत अपुराच राहिला होता. याहून मोठी चूक अशी कीं, एकदां समतोल साधला म्हणजे माणसानें करण्यासारखें कांहीं उरत नाहीं, अशी हौशी लोकांची समजूत झाली. थिनबाईंच्या खिडकींतली ती मेहनत या नव्या सिद्धांताच्या कौतुकांत पार विसरली गेली.

दुसरें उत्तर दिलें विल्यम आल्फर्ड लॉइड यानें. हा लंडनमध्यें मत्स्यपात्रांचा आणि समुद्रजीवांचा व्यापार करी, आणि गिऱ्हाइकांच्या पेट्या कशा बुडतात हें त्यानें जवळून पाहिलें होतें. हँबुर्ग येथें १८६४ सालीं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ सालीं उघडलेलीं मत्स्यालयें त्याच्या योजनेचीं होत. त्याची कल्पना अशी: प्रेक्षकांना दिसणाऱ्या टांक्या लहान असाव्या, आणि त्यांच्याखालीं जमिनींत, अंधारांत, त्यांच्या कित्येकपट पाणी मावेल असा हौद असावा. वाफेच्या यंत्रानें पाणी सतत वर चढवावयाचें, धारेबरोबर हवेचे बुडबुडे टांक्यांत उतरवावयाचे, आणि ओसंडलेलें पाणी पुन्हा हौदांत सोडावयाचें. अंधारामुळें हौदांत शेवाळ माजत नसे, थंडावा टिके, आणि वरच्या एखाद्या टांकींत झालेला बिघाड एवढ्या मोठ्या पाण्यांत विरून जाई. नेपल्स येथें अँटन डोर्न यानें स्थापिलेल्या प्राणिशास्त्रीय संस्थेचें मत्स्यालय १८७४ सालीं उघडलें, त्यालाहि लॉइडचा सल्ला लाभला होता.

लॉइडचें उत्तर अचूक होतें, पण तें राजवाड्याला शोभणारें होतें. ज्याच्या घरांत पेटीलाच जागा पुरत नाहीं, त्यानें तिच्या पांचपट हौद कोठें खणावा? समुद्राचा उरलेला भाग लॉइडनें तळघरांत नेऊन ठेवला; लहान पेटीला तळघर नसतें. म्हणून त्यानंतर कितीतरी वर्षें समुद्रजीव हे सार्वजनिक मत्स्यालयांचेच पाहुणे राहिले, आणि घरांतील पेट्यांत बहुधा गोड्या पाण्याचे मासे नांदूं लागले.

मळाचा हिशोब पुरा झाला तो मत्स्यालयांत नव्हे, तर शहराच्या सांडपाण्यांत. फ्रान्समध्यें श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोघां शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं एका उभ्या नळींत वाळू आणि चुनखडी भरून तिच्यांतून गटाराचें पाणी अगदीं सावकाश झिरपूं दिलें. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खालीं येत राहिला. त्यानंतर नायट्रेट दिसूं लागलें, आणि थोड्याच काळांत अमोनिया नाहींसा झाला. मग त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तों ही क्रिया थांबली. अमोनियाचें रूपांतर हें केवळ रासायनिक नसून सजीवांचें काम आहे, हें यावरून ठरलें. हे सजीव म्हणजे वाळूच्या कणाकणावर वस्ती करणारे सूक्ष्म जंतु.

या शोधाचें पुढचें काम इंग्लंडांतील रोदॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रांत झालें. अमोनियाचें प्रथम नायट्राइट होतें आणि नायट्राइटचें मग नायट्रेट होतें, म्हणजे हें काम दोन पायऱ्यांत चालतें, असें तेथील एका रसायनशास्त्रज्ञानें दाखविलें. त्याचेंहि नांव रॉबर्ट वॉरिंग्टन. समतोल पात्राचा जनक जो वॉरिंग्टन, त्याचाच हा मुलगा. पित्याच्या पात्रांत जो हिशोब जमेना, त्याचें उत्तर मुलाला शेतांतल्या मातींत सांपडलें. पण पिता त्यापूर्वींच, १८६७ सालीं, वारला होता. या जंतूंना वेगळें काढण्याचें अवघड काम सर्गेइ विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० सालीं झूरिच येथें तडीस नेलें.

लहान पेटीच्या दृष्टीनें या शोधाचा अर्थ फार मोठा होता. मळ विरविण्यासाठीं अफाट पाणी असलेंच पाहिजे असें नाहीं. जंतूंना बसावयास पुरेसा पृष्ठभाग आणि श्वासाला प्राणवायु मिळाला, तर मूठभर वाळूहि तें काम करते. समुद्राचा उरलेला भाग आतां तळघराऐवजीं पेटीच्या तळाशीं बसूं शकत होता. या अर्थानें १९५० च्या दशकांत घरगुती पेट्यांत वाळूखालची गाळणी रूढ झाली. तळाशीं भोंकें पाडलेली एक पाटी, तिच्यावर जाड रेती, आणि हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर रेतींतून सतत खालीं ओढलें जाणारें पाणी, एवढीच तिची रचना. जागा वेगळी लागत नसे, खर्च थोडा, आणि समुद्रांतले मासे तिच्यावर खरोखरच जगूं लागले.

मासे जगले, प्रवाळ मात्र झुरून मेलें. याचें कारण प्रवाळाच्या विलक्षण संसारांत आहे. थिनबाईंचे प्रवाळजीव थंड समुद्रांतले, एकएकटे राहणारे होते. उष्ण समुद्रांत ज्यांच्या सांगाड्यांचीं बेटें बनतात, त्या प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालपेशी राहतात. कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं त्यांना झूझॅन्थेला हें नांव दिलें. या पेशी सूर्यप्रकाशांत साखर तयार करतात आणि तिचा मोठा वांटा यजमानाला देतात. यजमानाचा मळ हें त्यांचें खत. हा संसार इतका काटकसरीचा आहे कीं, ज्या पाण्यांत नायट्रेट आणि फॉस्फेट नांवापुरतींच असतात, त्या दरिद्री पाण्यांतच तो भरभराटतो. रेतीची गाळणी अमोनियाचें नायट्रेट करून थांबे. माशाला तें फारसें बाधत नाहीं. परंतु तें पेटींत साठत जाई, शेवाळ माजे, आणि अंधुक दिव्याखालीं प्रवाळ गुदमरे. प्रवाळाला अन्न कमी, प्रकाश पुष्कळ आणि चुना भरपूर हवा असतो. घरगुती पेटींत नेमकें याच्या उलट घडत होतें. याच काळांत न्यू कॅलेडोनियांतील नूमेआ येथें रने काताला यानें १९५६ सालीं उघडलेल्या मत्स्यालयांत जिवंत प्रवाळें सुखानें नांदत होतीं. पण तेथें दाराशींच असलेल्या समुद्राचें पाणी सतत आंत येई आणि बाहेर जाई. मुंबईच्या किनाऱ्यावर १९५१ सालीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयालाहि समुद्र असाच हांकेच्या अंतरावर होता. प्रश्न होता तो समुद्रापासून दूर, तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा.

त्याचें उत्तर जकार्त्याहून आलें. तेथील ली चिन एंग या गृहस्थानें १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धति वर्णिली. ती वाचून पुष्कळांचा विश्वास बसला नसेल, इतकी ती साधी होती. पेटींत समुद्राचें पाणी, भरपूर उजेड, बुडबुड्यांची एक बारीक धार, आणि प्रवाळकड्यावरून आणलेले, जीवजंतूंनीं भरलेले सच्छिद्र दगड. गाळणी म्हणावी अशी वस्तु तींत नव्हतीच. दगड हीच गाळणी होती. पुढें अशा दगडांना जिवंत खडक असें नांव पडलें. दगडाच्या पृष्ठभागावर प्राणवायु खेळतो, तेथें अमोनियाचें नायट्रेट होतें. आंतल्या बारीक छिद्रांत प्राणवायु पोंचत नाहीं. तेथें दुसऱ्या जातीचे जंतु नायट्रेटमधील प्राणवायु वापरून टाकतात आणि निरुपद्रवी नायट्रोजन वायु बुडबुड्यांच्या वाटेनें निघून जातो. जें काम रेतीनें अर्ध्यावर सोडलें होतें, तें मूठभर दगडानें पुरें केलें.

जकार्त्याला समुद्र आणि सूर्य दोन्ही दारांत होते. बर्लिनला त्यांपैकीं एकहि नव्हता. म्हणून जर्मन हौशी लोकांनीं ली चिन एंगच्या दगडाला यंत्राची जोड दिली. समुद्राच्या पाण्यांत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले म्हणजे कांहीं सेंद्रिय मळ त्यांच्या कडांना चिकटतो आणि फेसाबरोबर वर येतो. तो फेस वाटींत गोळा करून टाकून द्यावयाचा. साखरेच्या पाकावरची मळी काढण्यासारखाच हा प्रकार. १९६० च्या दशकांत जर्मनींत प्रचारांत आलेल्या या यंत्राला प्रोटीन स्किमर म्हणतात. वाळूखालची गाळणी मळ कुजवून त्याचें रूपांतर करते. हें यंत्र मळ कुजण्यापूर्वींच बाहेर काढतें, हा यांतला महत्त्वाचा भेद होय. पीटर विल्केन्स यानें १९७० च्या दशकांत चुन्याची निवळी थेंबथेंब घालून प्रवाळाला हवा असलेला चुना पुरविण्याचा प्रघात पाडला. जिवंत खडक, फेस काढणारें यंत्र, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी, या चौकडीला पुढें बर्लिन पद्धति असें नांव मिळालें.

यानंतरच्या दोन दशकांत उपायांची रेलचेल झाली. १९८६ सालीं जॉर्ज स्मिट यानें अमेरिकन वाचकांना पेटीखालची ठिबक गाळणी सांगितली. उघड्या हवेंत रचलेल्या काटेरी प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी थेंबथेंब उतरतें आणि गोळ्यांवरील जंतु अमोनिया झपाट्यानें संपवितात. सांडपाण्याच्या शुद्धीकरणांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या दगडी थरांचेंच हें घरगुती रूप. पण तिचाहि दोष तोच, नायट्रेट साठण्याचा. म्हणून पुढें पुष्कळांनीं ते गोळे काढून त्या जागीं जिवंत खडक ठेवला. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेंत वॉल्टर एडी यानें जाळीवर शेवाळ वाढवून तें वरचेवर खरवडून काढण्याची रीत बसविली. शेवाळाबरोबर त्यानें शोषलेला मळहि बाहेर जातो. मोनॅको येथें जाँ झोबेर यानें वाळूच्या जाड थराखालीं पाण्याची एक निवांत पोकळी ठेवून नायट्रेट संपविणारी पद्धति बसविली. लहान पेटीच्या मालकापुढें आज हे सर्व मार्ग खुले आहेत, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे.

या सर्वांना एकाच कसोटीवर घासून पाहिलें पाहिजे, आणि ती कसोटी जागेची. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकीं सुमारें ३४ सेंटिमीटर असलेल्या पेटींत जेमतेम ४० लिटर, म्हणजे चार घागरी पाणी मावतें. समुद्राच्या पाण्याच्या हजार भागांत साधारण ३५ भाग क्षार असतो. ४० लिटरांतलें एक लिटर पाणी वाफ होऊन उडालें, तर हा आंकडा ३५ वरून जवळजवळ ३५.९ वर जातो. ४०० लिटरांतून तेवढेंच उडालें, तर तो ३५.१ च्याहि आंतच राहतो. मोठें पाणी चूक पोटांत घालतें. थोडें पाणी ती लगेच तोंडावर फेकतें. म्हणून घडवंचीखालीं जागा असेल, तर तेथें तेवढ्याच पाण्याची दुसरी पेटी ठेवणें हें कोणत्याहि महाग यंत्रापेक्षां हिताचें. तो लॉइडचा हौदच, फक्त लहान आकाराचा. आणि त्यांत दिव्याखालीं थोडें शेवाळ वाढविलें, तर एडीचीहि युक्ति साधते.

तेवढीहि जागा नसेल, तर निवड आणखी सोपी होते. वाळूखालची गाळणी, ठिबक गाळणी आणि बंद डब्यांतील स्पंजाची गाळणी या माशांच्या पेटीला ठीक आहेत. प्रवाळाच्या लहान पेटींत त्या नायट्रेटचें कोठार बनतात. स्पंज ठेवावयाचाच असेल, तर तो वरचेवर धुतला पाहिजे. जाड वाळूच्या थराला उंची लागते, आणि ३४ सेंटिमीटरांत ती परवडत नाहीं. फेस काढणारें यंत्र मागच्या काचेला टांगतां आलें तर उत्तम, नाहीं तर त्यावांचूनहि चालतें. ज्यावांचून चालत नाहीं तो सच्छिद्र खडक. ढोबळ मानानें दहा लिटर पाण्यास एक किलो. त्याच्या भोंवतीं पाणी खेळतें ठेवणारा एक लहान पंप असावा, म्हणजे जंतूंना प्राणवायु पोंचतो आणि मळ खांचेंत बसत नाहीं.

राहिलेलें काम बादलीचें, आणि येथें लहान पेटीचा लहानपणा तिच्या उपयोगी पडतो. समजा, आठवड्याला एक माप मळ पाण्यांत साठतो. पाणी कधींच बदललें नाहीं, तर वर्षअखेर ५२ मापें होतात. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदललें, तर सांठा वाढत वाढत दहा मापांपुढें जात नाहीं. पांचवा हिस्सा बदललें, तर पांच मापांपुढें जात नाहीं. हजार लिटरांच्या टांकींत दहावा हिस्सा म्हणजे शंभर लिटर खारें पाणी कालवणें आलें. चाळीस लिटरांत तो केवळ चार लिटरांचा, म्हणजे एका लहान बादलीचा, प्रश्न असतो. जें सुख हँबुर्गच्या मत्स्यालयाला परवडलें नसतें, तें चार घागरींच्या पेटीला दर रविवारीं सहज परवडतें. वाफेनें उडालेलें पाणी मात्र रोज आणि गोड्या, शुद्ध पाण्यानेंच भरावें, कारण क्षार उडून जात नाहीं.

आणखी एक धडा त्या फ्रेंच नळीचा. तिच्यांतून पहिले वीस दिवस अमोनिया तसाच उतरत होता. नवी पेटीहि तशीच असते. जंतूंची वस्ती बसेपर्यंत तीन ते सहा आठवडे जातात, आणि या काळांत हौसेपोटीं आणलेला मासा निर्मळ दिसणाऱ्या पाण्यांत तडफडून मरतो. गाळणी विकत मिळते. तिच्यांत राहणारे कामकरी विकत घेतले तरी त्यांचा संसार बसावयास दिवस जावेच लागतात. हे कामकरी कोण, याचीहि ओळख अजून पटतच आहे. अमोनियावर जगणारा आर्किया या प्राचीन वर्गांतील एक सूक्ष्मजीव २००५ सालीं प्रथमच वेगळा काढण्यांत आला, तो सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयांत उष्ण समुद्रांतील मासे ठेवलेल्या टांकीच्या रेतींतून. पेटीच्या तळाशीं कोण राबत होतें, हें शास्त्राला तेव्हां कळलें.

जिवंत खडकाच्या या कौतुकाला एक दुसरी बाजूहि आहे. हा खडक फिजी, इंडोनेशिया येथील प्रवाळकड्यांवरून टनावारीं काढला गेला, आणि एका पेटींत समुद्र वसविण्यासाठीं खऱ्या समुद्राचा कडा खरवडला गेला. भारतांत दगडी प्रवाळांना २००१ सालीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें, आणि समुद्रांतून तीं काढणें हा गुन्हा ठरला. मालवणच्या समुद्रांतील प्रवाळ १९८७ सालीं जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या आश्रयाला आहे. तें पाण्यांतच पाहावें. सुदैवानें जंतूंना दगड कोठला याचें सोयरसुतक नसतें. भाजलेल्या मातीचे किंवा जुन्या चुनखडीचे कोरडे सच्छिद्र तुकडे ठेवून त्यांत जंतु रुजूं दिले, तर तेच काम होतें. फक्त वाट अधिक पाहावी लागते. कायदेशीर मार्गानें आलेलें, टांकींतच वाढविलेलें प्रवाळ मिळत नसेल, तर चार मासे आणि चार दगड यांवर समाधान मानणें हेंच समुद्रावरील खऱ्या प्रेमाचें लक्षण ठरेल.

पावणेदोनशें वर्षांच्या या खटाटोपाचा निष्कर्ष थोडक्यांत सांगतां येतो. समुद्राचा जो भाग पेटींत मावत नाहीं, त्याचें बरेचसें काम दगडाच्या छिद्रांत बसणाऱ्या जंतूंकडे सोंपवितां येतें. उरलेलें काम मात्र कोणत्याहि यंत्राला पुरतेपणीं पेलत नाहीं. समतोल आपोआप राहतो, असें ज्यांना वाटलें त्यांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. थिनबाईंनीं शेवाळ आणल्यानंतरहि खिडकीसमोरचें ओतणें एकदम थांबविलें नाहीं, हें त्यांचें शहाणपण. ज्या घरांत दर आठवड्यास न चुकतां एक बादली खारें पाणी कालवणारा, आणि रोज सकाळीं पेटीची पातळी पाहणारा कोणी असेल, त्या घरानें चार घागरींचा समुद्र अवश्य वसवावा. जेथें असा कोणी नाहीं, तेथें जागा कितीहि मोकळी असली, तरी समुद्रापुरती ती नाहींच.